लहान न होणाऱ्या गोष्टी

विमानाची प्रतिकृती कपाटात नुसती उभी असते तेव्हा बघणाऱ्याची नजर बरेच काही सांभाळून घेते. पंखे थांबलेले, दिवे बंद, खिडक्यांमागे अंधार. उरलेले चित्र डोके आपणहून पूर्ण करते. त्याच प्रतिकृतीचे दिवे लागले आणि पंखे फिरू लागले की नजरेचा हा समजूतदारपणा संपतो. दिवा जरा भगभगीत असला तर प्लास्टिकमध्ये कोणीतरी बल्ब खोचला आहे हे लगेच कळते. पंखा कर्कश भणाणत सुटला की त्यामागचे इंजिन खोटे ठरते. लांबी, रुंदी आणि उंची यांना अठ्ठेचाळीसने भागणे सोपे असते. प्रकाशाला, वेळेला आणि पत्र्याच्या जाडीला सरसकट तसे भागता येत नाही. त्या प्रत्येकाचा हिशेब निराळा असतो, आणि चालते-उजळते मॉडेल चांगले होते की फसते हे बहुतेक वेळा या हिशेबांवरच ठरते.

या मापांचा इतिहासही अंतराशी आणि नजरेशीच जोडलेला आहे. मॉडेलांच्या जगात सर्वांत रुळलेले माप १:७२. सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा करायचा, एवढीच त्यामागची कल्पना. ब्रिटनमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी १९३२ साली ‘स्कायबर्ड्‌स’ नावाचे लाकडी संच या मापात आणले, आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ने त्याच मापात प्लास्टिकचे संच काढले. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळाशाळांतल्या मुलांना तब्बल पाच लाख मॉडेल करून देण्याचे आवाहन केले. वैमानिकांना आणि विमानविरोधी तोफांवरच्या सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे नुसत्या आकृतीवरून ओळखायला शिकवायचे होते. १:७२ चे मॉडेल ३५ फुटांवरून पाहिले की ते साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण दिव्यांचा सगळा हिशेब पुढे याच सूत्रावर बसतो. तारा आणि मोटारी आत बसवायच्या तर मात्र १:७२ फार चिमुकले पडते. त्यासाठी एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ हे माप बरे.

उदाहरण म्हणून डग्लस डाकोटा घेऊ. दोन इंजिने, लांब निमुळते पंख, शेपटीखाली एक छोटे चाक, आणि म्हणून जमिनीवर असतानाही नाक वर आकाशाकडे. मूळचे प्रवासी डीसी-३ विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाहून पहिल्यांदा उडाले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ३२ वर्षे झाली होती. लष्करी सी-४७ आणि तिची भावंडे धरून अशी दहा हजारांहून अधिक विमाने बनली. ब्रिटिशांनी त्यांना डाकोटा म्हटले आणि आपल्याकडे तेच नाव रुजले. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे २९ मीटर, म्हणजे १:४८ मध्ये जेमतेम ६० सेंटिमीटर. धडाची लांबी ४० सेंटिमीटर. लिहिण्याच्या टेबलावर मावते आणि आत बोटभर जागाही मिळते.

दिवे लावायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो वेळेचा: हे विमान कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी उभे आहे? भारतीय वाचकाला एक दिवस चटकन सुचेल. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी हवाई दलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या डाकोटा १ शीख बटालियनचे जवान घेऊन दिल्लीहून निघाल्या आणि श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरल्या. काश्मीरच्या त्या हवाई पुलात पुढे खासगी कंपन्यांच्या डाकोटाही जुंपल्या गेल्या. त्या पहिल्या डाकोटांतल्या व्हीपी ९०५ या विमानाचा क्रमांक आज पुन्हा आकाशात दिसतो. राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये एक डाकोटा नव्याने उभी करवून घेतली आणि २०१८ साली ती हवाई दलाला भेट दिली. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डाकोटाचे वैमानिक होते. ‘परशुराम’ नावाच्या या विमानाच्या शेपटीवर तोच व्हीपी ९०५ क्रमांक आहे, आणि २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाच्या हवाई संचलनात ते उडाले. १९४७ च्या ऑक्टोबरातली दिल्लीतली पहाट, इंजिने नुकतीच सुरू झालेली, दिवे लागलेले: चालत्या मॉडेलसाठी याहून समर्पक क्षण मला तरी दुसरा दिसत नाही.

क्षण ठरला की कोणते दिवे लावायचे नाहीत हेही ठरते. आजच्या विमानांवर लखकन चमकणारे पांढरे स्ट्रोब असतात, पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असतो. फिरत्या लाल दिव्यांची पद्धत १९५० च्या दशकात रूढ झाली, स्ट्रोब त्यानंतरचे. १९४७ च्या डाकोटावर यांपैकी काहीही नको. पण आज उडणाऱ्या जुन्या विमानांवर आजच्या नियमांनुसार दिवे बसवलेले असतात, आणि नेमकी त्यांचीच छायाचित्रे मुबलक मिळतात. त्यामुळे उत्तम कारागिरीची मॉडेलेसुद्धा इथे घसरतात. जुन्या विमानाचे दिवे नेहमी त्या काळच्या छायाचित्रांवरून आणि देखभालीच्या पुस्तिकांवरून ठरवावेत. आपल्या डाकोटाला पुरेसे आहेत ते असे: डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, कॉकपिटमध्ये मंद उजेड आणि जवान बसलेल्या पोटात दोन-तीन पिवळसर दिवे.

आता जाडी. खऱ्या डाकोटाच्या अंगावरचा ॲल्युमिनियमचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. किटमधल्या प्लास्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटरची. अठ्ठेचाळीसने गुणले तर ती पाच सेंटिमीटर जाडीची होते, चिलखती रणगाड्याला शोभेल अशी. बंद मॉडेलमध्ये हे कोणाला दिसत नाही. पण माल चढवायचा मोठा दरवाजा उघडा ठेवला आणि आत दिवा लावला की दरवाजाची कड सगळे उघड करते. त्यामुळे कडा आतल्या बाजूने कानशीने तासून धारदार कराव्या लागतात, आणि दरवाजा स्वतः पत्र्याचाच करावा लागतो. ०.८ मिलिमीटरला ४८ ने भागले तर सुमारे १७ मायक्रॉन येतात. स्वयंपाकघरातल्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची जाडी याच्या आसपासच असते. म्हणजे मापात बसणारा पत्रा घरातच मिळतो.

प्लास्टिकचा दुसरा दोष त्याहून त्रासदायक. पॉलिस्टायरीन दिसायला अपारदर्शक असले तरी प्रकाश त्यातून पाझरतो. आत दिवा लावून खोलीतला उजेड कमी केला की अख्खे धड आकाशकंदिलासारखे उजळते, आणि विमान नाहीसे होते. यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: धडाच्या आतून आधी काळ्या रंगाचे दोन हात, त्यावर चंदेरी, आणि मग दिसणाऱ्या भागावर खऱ्या विमानाच्या अंतर्भागाचा रंग. दिव्याशेजारी फॉइलही चिकटवावी. प्रत्येक हातानंतर अंधाऱ्या खोलीत, सर्वांत प्रखर दिवा आत धरून तपासावे. दोन अर्धे जोडले जातात त्या सांध्यावर सर्वांत जास्त प्रकाश निसटतो, म्हणून तिथे आतून प्लास्टिकची पट्टी लावतात. बाहेरच्या रंगाविषयी मॉडेल करणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. लांबून रंग फिकट दिसतात म्हणून मॉडेलचा रंगही थोडा फिकट घ्यावा असे बरेच जण मानतात. मलाही ते पटते, आणि त्याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखे नाही.

दिव्यांकडे मात्र सावकाश जायला हवे. पंखांच्या टोकांचे दिवे शोभेचे नसतात. समोरचे विमान आपल्याकडे येते आहे, दूर जाते आहे की आडवे चालले आहे हे रात्री दुसऱ्या वैमानिकाला त्यांच्यावरूनच कळते. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा ही रीत जहाजांकडून आली. पंखावरचा प्रत्येक दिवा नाकाच्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला ११० अंशांपर्यंतच दिसला पाहिजे आणि शेपटीचा पांढरा दिवा मागच्या १४० अंशांत. तिन्ही मिळून ३६० अंश पुरे होतात. मॉडेलमध्ये पंखाच्या टोकाला नुसता एलईडी चिकटवला तर तो चहूकडे उजळतो, आणि विमानाच्या मागे उभ्या माणसाला लाल-हिरवे दिवे दिसत राहतात. जाणकाराला ते खटकते. एलईडीच्या मागच्या बाजूला फॉइलचा एवढासा आडोसा केला की काम होते. शेपटीकडून पाहताना फक्त पांढरा ठिपका दिसतो, आणि मॉडेल हळूहळू फिरवले की ठरल्या कोनात लाल उगवतो. मॉडेल हातात घेऊन हे करून पाहण्यात मोठा आनंद असतो.

रंगांचाही प्रश्न आहे. त्या काळच्या दिव्यांत आत साधा तारेचा बल्ब आणि वर रंगीत काच असे. बल्बचा उजेड पिवळट, त्यामुळे उजव्या दिव्याची काच दिवसा पाहिली तर हिरवीपेक्षा निळीकडे झुकलेली दिसते. पिवळट उजेड निळसर काचेतून आला की बाहेर हिरवा पडतो. हिरवा एलईडी वापरला तर दिवा लागल्यावर रंग जवळपास बरोबर वाटतो, पण बंद असताना काच चुकीची दिसते. त्यापेक्षा तिन्ही ठिकाणी पिवळट-पांढरा एलईडी घ्यावा आणि त्यावर पारदर्शक लाल आणि पारदर्शक निळसर-हिरवा रंग द्यावा. बंद असो वा चालू, दोन्ही वेळा खरे दिसते. निळसर झाक असलेला पांढरा एलईडी तर १९४७ च्या विमानात कुठेही नको. त्याच्या उजेडातच आजचा काळ असतो.

आता मुख्य हिशेब. पंखाच्या दिव्याची तीव्रता समोरच्या दिशेला किमान ४० कँडेला असावी असे अमेरिकी नियम सांगतात. मॉडेलच्या दिव्याची किती असावी? आपण मॉडेल अर्ध्या मीटरवरून बघतो. १:४८ मध्ये ते खऱ्या विमानाकडे २४ मीटरवरून पाहण्यासारखे आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाने मंदावतो. अंतर ४८ पट कमी झाले, म्हणजे डोळ्यात तेवढाच उजेड पोचण्यासाठी दिव्याची तीव्रता ४८ च्या वर्गाने, म्हणजे २,३०४ पटींनी कमी हवी. ४० भागिले २,३०४ म्हणजे ०.०१७ कँडेला, किंवा १७ मिलिकँडेला. बाजूच्या दिशेला नियम ५ कँडेलाच मागतो, तिथे हिशेब दोन मिलिकँडेलांवर येतो. आणि दुकानात मिळणारा साधा छोटा एलईडी त्याच्या ठरलेल्या २० मिलिअँपिअर करंटवर शंभर-दोनशे मिलिकँडेला सहज देतो. म्हणजे दुकानातला दिवा तसाच लावला तर मॉडेलवरचा दिवा खऱ्या विमानापेक्षा दहापट भगभगीत होतो. दिवे लावलेली बहुतेक मॉडेले खेळण्यासारखी का वाटतात याचे उत्तर या भागाकारात आहे.

लँडिंग लाइटचे गणित उलटे पडते. डाकोटाच्या पंखांच्या पुढच्या कडेत बसवलेल्या अशा दिव्यांचा झोत काही लाख कँडेलांपर्यंत जातो. २,३०४ ने भागूनही शंभराच्या वर कँडेला उरतात, आणि तेवढा प्रखर, तेवढा अरुंद झोत तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून काढणे साध्या एलईडीच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपण निवडलेल्या क्षणी विमान उभेच आहे. तेव्हा लँडिंग लाइटच्या काचा स्वच्छ ठेवाव्यात, त्यांच्यामागे चकचकीत परावर्तक बसवावा आणि ते बंदच राहू द्यावेत.

दिवा मंद करायला रेझिस्टर लागतो. पिवळट-पांढरा एलईडी सुमारे तीन व्होल्ट घेतो. पुरवठा नऊ व्होल्टचा असेल तर उरलेले सहा व्होल्ट रेझिस्टरने खायचे असतात. अर्धा मिलिअँपिअर करंट हवा असेल तर सहा भागिले ०.०००५, म्हणजे १२ हजार ओहम. दुकानात १२ के मागावा. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्यावा. खर्च नगण्य आणि फायदा मोठा, कारण मग प्रत्येक दिव्याची प्रखरता वेगळी जुळवता येते. लाल एलईडी दोन व्होल्टलाच पेटतो. लाल आणि पांढरा एकाच रेझिस्टरवर शेजारी शेजारी जोडले तर लाल सगळा करंट ओढून घेतो आणि पांढरा अंधारात राहतो.

हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळते. एलईडी ०४०२ मापाचा मागावा: एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. ४८ ने गुणल्यास तो पावणेपाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजे खऱ्या बल्बच्याच मापाचा. त्याला जोडायची तार मोटार वाइंडिंगची, एक दशांश मिलिमीटर जाडीची, वार्निश चढवलेली. केसासारखी ही तार तांबडी दिसते आणि फुंकरीने उडते. एलईडी दुहेरी टेपवर उलटा चिकटवून, भिंगाखाली, अणकुचीदार टोकाच्या आयर्नने क्षणभरात सोल्डर करावा लागतो. हे काम विमानापासून दूर करावे. आयर्नचे टोक साडेतीनशे अंशांवर असते आणि पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. पंखाच्या आत सोल्डर करायला गेले तर पंखच वितळतो. तार जोडलेला एलईडी आधी बाहेर पेटवून पाहावा, मगच पंखात सरकवावा. वर काचेचा फुगवटा यूव्ही दिव्याखाली घट्ट होणाऱ्या पारदर्शक रेझिनच्या थेंबाने होतो. खिडक्यांच्या काचांना मात्र फेव्हिक्विक लावू नये, त्याच्या वाफांनी पारदर्शक प्लास्टिक पांढुरके पडते. तिथे पांढरा फेव्हिकॉल उत्तम; वाळला की दिसतही नाही.

पंख्यांचा हिशेब याहून वेगळा, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. डाकोटाचे प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प इंजिन म्हणजे सात-सात सिलिंडरांच्या दोन रांगा गोलाकार मांडलेल्या, १,२०० अश्वशक्ती. १ लाख ७३ हजारांहून अधिक बनलेल्या या इंजिनाचा व्यास ४८ इंच आहे. १:४८ मध्ये बरोबर एक इंच. जणू हे माप याच इंजिनासाठी ठरवले होते. पूर्ण जोरात इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेते, पण मधल्या गिअरमुळे पंखा त्याच्या सोळास नऊ प्रमाणात हळू, म्हणजे सुमारे १,५०० फेरे फिरतो. जमिनीवर मंद चालताना इंजिन सातशे-आठशेवर असते, तेव्हा पंखा ४०० ते ४५० वर.

मॉडेलमध्ये हे फेरे किती असावेत? लांबीला ४८ ने भागले तसे वेगालाही भागावे लागते: खरी डाकोटा ताशी २० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे सरकत असेल तर मॉडेल सेकंदाला साडेअकरा सेंटिमीटर सरकले पाहिजे. पण फेऱ्यांना भागायचे नाही. पात्याचे टोक ४८ पट लहान वर्तुळात फिरते, त्यामुळे त्याचा वेग आपोआप ४८ पट कमी झालेला असतो. खरा पंखा ४५० फेरे घेत असेल तर मॉडेलचाही ४५० च. बघणाऱ्याचा डोळा दोन्हीकडे तोच आहे आणि त्याची वेळ लहान झालेली नाही. ४५० फेरे म्हणजे सेकंदाला साडेसात. तीन पाती धरली तर नजरेसमोरून सेकंदाला साडेबावीस पाती जातात. हा वेग डोळ्याला पुरता एकजीव करता येत नाही, म्हणून मंद चालणाऱ्या डाकोटाचा पंखा थरथरता, पाती अर्धवट दिसणारा असतो. १,५०० फेऱ्यांना सेकंदाला ७५ पाती होतात आणि मग फक्त धुरकट चकती उरते. छोट्या खेळण्यांतल्या मोटारी मिनिटाला दहा-वीस हजार फेरे घेतात. त्या थेट जोडल्या की विमान उभे आहे की उडते आहे याचा पत्ताच लागत नाही, आणि सैल बसलेले एखादे पाते सुटून अंगावर येण्याची भीती वेगळी.

पंखा खऱ्या फेऱ्यांनी फिरला तर मॉडेल टेबलावरून पुढे धावेल का? नाही. पंख्याचा रेटा फेऱ्यांच्या वर्गावर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. फेरे तेच ठेवून व्यास ४८ पट कमी केला तर रेटा सुमारे ५३ लाख पटींनी कमी होतो. सात सेंटिमीटरच्या पंख्यासमोर धरलेला कागदसुद्धा हलत नाही.

मोटार म्हणून गिअर बसवलेली एन-२० घ्यावी, मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे देणारी. तिची जाडी १२ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाच्या इंजिनामागे ती आरामात बसते. तिची तीन मिलिमीटरची दांडी खऱ्या मापात साडेचौदा सेंटिमीटर भरते आणि पंख्याच्या मध्यभागी लपून जाते. गिअरचा किरकिराट हा हिचा दोष. मोटार प्लास्टिकला थेट न चिकटवता रबराच्या पट्टीत आवळली तर तो बराच कमी होतो. दोन्ही मोटारींची दिशा मात्र नीट तपासावी. समोरासमोरच्या गोष्टी उलट-सुलट असाव्यात असे मनाला वाटते आणि हात तशाच तारा जोडतो. पण डाकोटाची दोन्ही इंजिने एकाच दिशेने फिरतात, मागून पाहिले तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. एक पंखा उलटा फिरला तर त्याची पाती चुकीच्या कडेने हवा कापताना दिसतात.

वीज आत कशी न्यायची हा शेवटचा मोठा प्रश्न. बॅटरी धडात कोंबली तर एक दिवस ती संपते, फुगते, आणि तेव्हा विमान कापावे लागते. त्यापेक्षा बॅटरी आणि दिवे-मोटारी चालवणारी चिप विमानाखालच्या लाकडी पाटात ठेवावी आणि तारा चाकांच्या दांड्यांतून वर न्याव्यात. डाकोटाची पुढची दोन चाके इंजिनांच्या बरोबर खाली असतात, हे सोयीचेच पडते. दांड्या पितळी नळीच्या केल्या तर एक नळी धन आणि दुसरी ऋण असे तारेचेच काम त्या करतात, आणि वजनही पेलतात. फक्त प्रत्येक मोटार आणि दिव्यांचा गट वेगवेगळा चालवायचा असेल तर नळीच्या पोटातून आणखी बारीक तारा काढाव्या लागतात. प्रत्येक तारेवर खूण करावी, आकृती कागदावर काढून ठेवावी. धडाचे दोन अर्धे जोडले आणि सांधा घासून रंगवला की आत पुन्हा हात जात नाही. म्हणून जोडण्यापूर्वी सगळे दिवे आणि मोटारी काही तास सलग चालू ठेवाव्यात. एखादा कच्चा सोल्डर असेल तर तो याच वेळात उघडा पडतो.

या कामाला मर्यादा नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे. सान फ्रान्सिस्कोच्या लुका इआकोनी-स्टुअर्ट या तरुणाने २००८ मध्ये फायलींच्या जाड पिवळट कागदातून एअर इंडियाचे बोइंग ७७७-३०० ईआर १:६० मापात करायला घेतले. सव्वा मीटर लांबीचे हे विमान आतल्या आसनांसह कागदाचे, आणि त्याची चाके घडी होऊन पोटात जातात. मोटार नाही, दिवा नाही, तरी हलणारा भाग मापात कसा ठेवायचा याचा एवढा कसून केलेला अभ्यास मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दुसरे टोक म्हणजे जर्मनीत हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’मधला विमानतळ. सहा वर्षे खपून बांधलेला हा १:८७ मापाचा विमानतळ २०११ च्या मे महिन्यात खुला झाला. तिथे दिवे लावलेली विमाने स्वतः सरकत धावपट्टीवर येतात, वेग घेतात आणि वर उचलली जातात. ताशी २७० किलोमीटरने धावपट्टी सोडणारे जेट तिथे सेकंदाला जेमतेम ८६ सेंटिमीटर जाते. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत मुलांना बाल्साची विमाने करायला शिकवतात. त्यांतल्या कोणाला हे वेड पुढे न्यावेसे वाटले तर सामान आता आपल्या शहरांत मिळते, ही चांगली गोष्ट आहे.

पाटातल्या चिपकडे परत येऊ. आठ पायांची एटी-टायनी-८५ किंवा आर्डुइनो नॅनो पुरते. मोटारी सुरू होताना त्यांच्या ब्रशांतल्या ठिणग्यांमुळे चिप गोंधळते, म्हणून प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि चिप सांभाळायला डायोड हवाच. मग प्रोग्राममध्ये पहाटेचा क्रम लिहायचा. आधी कॉकपिटचा दिवा. तारेचा बल्ब तापायला सेकंदाचा काही भाग घेतो आणि एलईडी क्षणात पेटतो, म्हणून प्रत्येक दिवा एकदम न लावता किंचित चढवत आणावा. नंतर एक पंखा: स्टार्टरवर तो आधी अडखळत काही पाती फिरतो, अचानक पकड घेतो, जोरात जातो आणि मंद गतीवर स्थिरावतो. मोटारीला हळू फिरवायचे असेल तर सुरुवातीला क्षणभर पूर्ण करंट द्यावा, नाहीतर ती जागची हलतच नाही. खऱ्या विमानात बॅटरीवर इंजिन सुरू करताना स्टार्टर एवढा करंट ओढतो की बाकीचे दिवे मंदावतात. ते दोन ओळींत लिहिता येते, आणि सगळ्या मॉडेलमध्ये कोणत्या एका गोष्टीने पाहणारा गप्प होत असेल तर ती ही. मग दुसरे इंजिन. दोन्ही पंख्यांच्या गतीत पाच-दहा फेऱ्यांचा फरक राहू द्यावा, कारण खऱ्या विमानातही दोन इंजिने एकसुरात आणायला वैमानिकाला कान लावून बसावे लागते. आवाज हवाच असेल तर स्पीकर पाटात ठेवावा, तोही चांगला मोठा. आठशे फेऱ्यांना चौदा सिलिंडरांचा सूर ९३ हर्ट्‌झच्या आसपास पडतो आणि नाण्याएवढ्या स्पीकरमधून तो निघत नाही.

मॉडेल झाले की त्याचा व्हिडिओ काढला जातोच, आणि तिथे पंख्याचे गणित एकदा उलटते. फोन सेकंदाला ३० चौकटी टिपत असेल तर ४५० फेऱ्यांचा पंखा दोन चौकटींमध्ये ९० अंश फिरतो. पाती मात्र १२० अंशांवर आहेत, त्यामुळे पडद्यावर तो दर चौकटीला ३० अंश मागे सरकतो आणि उलटा फिरताना दिसतो. २४ चौकटींच्या चित्रीकरणात ४८० फेऱ्यांचा पंखा जागीच थिजतो, कारण तेवढ्या वेळात एक पाते बरोबर पुढच्याच्या जागी येऊन बसते. फोन सेकंदाला ६० चौकटींवर ठेवा. तेव्हा ४५० फेऱ्यांचा पंखा दर चौकटीला ४५ अंश पुढे जातो आणि सरळच फिरताना दिसतो. शटरही फार वेगवान नको. पाती थोडी पसरट, धूसर आली तरच तो फिरता पंखा वाटतो.